नववी-दहावीच्या मराठीसाठी पोरांना अडवणारं काही ऑनलाइन मिळेल का?

खडूवाली (रविवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववीच्या दोन तुकड्या आणि दहावीची एक. घटक चाचणीचे पेपर तपासून आत्ताच उठले. रसग्रहणाच्या प्रश्नात एकोणतीस जणांनी एकच वाक्य लिहिलंय : 'कवीची भाषा साधी, सोपी, सरळ व ओघवती आहे.' कविता नामदेवांची असो की इंदिरा संतांची, भाषा ओघवतीच. आणि इंदिराबाईंनाही 'कवी म्हणतो'. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे, प्रत्येकात ठरलेली वाक्यं, आणि चारपैकी तीन गुण खिशात. पोरांना काय बोलायचं? हे कप्पे मीच फळ्यावर आखून दिलेत.

नेटवर शोधलं की 'स्वाध्याय उत्तरे' मिळतात. नाहीतर तेच गाइड कुणीतरी व्हिडिओत वाचून दाखवतं. नाहीतर पीपीटी, ज्यात कवीचा फोटो गरगर फिरत येतो आणि मागे बासरी. ई-बालभारती आणि 'दीक्षा' हे सरकारी शिक्षण-अॅप वापरते, पण त्यानं धडा समजतो एवढंच. मला वर्गातल्या त्या सात-आठ जणांसाठी हवंय ज्यांचं दहा मिनिटांत होतं आणि मग ते बाकावर कर्कटकानं कोरीवकाम करतात. आणि खरं तर बाकीच्यांसाठीही. वाचताना अडखळावं, भांडावं, असं काही आहे का?

शाळेत एक प्रोजेक्टर, नेट लहरी. पैसे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

पाचवा_तास (रविवार, रात्री १०.२०)

'किशोर'चे जुने अंक! १९७१ पासूनचे अंक बालभारतीनं फुकट वाचायला ठेवलेत. चित्रं बघूनच दिवस जातो. नववीला थोडं सोपं होईल, पण वाचनाची गोडी लागायला उत्तम.

खडूवाली (रविवार, रात्री १०.३१)

पाचवी-सहावीला वापरते, झकास आहेत. पण मला गोडी नकोय हो, थोडं कडू पाहिजे.

माणदेशी_मास्तर (सोमवार, सकाळी ६.१५)

ताई, तयार वर्कशीटच्या मागे लागू नका. इंग्रजीत ती ढिगानं आहेत, मराठीत नाहीत, आणि नाहीत तेच बरं. मराठीत नेटवर जे खरंच तगडं आहे ते म्हणजे कोश. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश आहे (१८५७ची आवृत्ती), दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. 'बृहद्कोश' नावाच्या ठिकाणी एकाच शोधात अनेक मराठी कोश चाळता येतात. फोनवर तेच सोयीचं.

माझा तास सांगतो. फळ्यावर तुकोबांचा एकच चरण : 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे । उदास विचारे वेच करी'. खाली सूचना : अर्थ लिहा, पाच मिनिटं. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळ्या वर्गानं लिहिलं की चांगल्या मार्गानं पैसा कमवावा आणि दुःखी मनानं खर्च करावा. एकानं वर दाखला दिला, 'आमचे अण्णा खत आणायला जातात तेव्हा असेच असतात.'

मी चूक-बरोबर काही म्हटलं नाही. पाच गट केले, गटाला एक कोश. 'उदास' शोधा आणि 'वेच' शोधा. दाते-कर्व्यांच्या गटाला विरक्त, निरिच्छ हा अर्थ सापडला. तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, 'म्हणजे पैशात जीव न अडकवता खर्च करायचा.' गाइड इथवरच येतं. मी विचारलं, विरक्त माणसाचा शब्द रडक्या माणसाला कसा चिकटला? मूळ संस्कृतात बाजूला बसण्याचा भाव आहे एवढंच सांगितलं. पोरं गप्प. मग एक, जो एरवी उत्तर देत नाही, तो म्हणाला, 'सर, वर्गात कोण बाजूला जाऊन बसला की आपण विचारतोच की, काय रे, उदास का?'

त्या दिवशी मी हजेरी घ्यायची विसरलो.

नववीला 'शिक्षा' द्या. हिंदीच्या तासाला शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीच्या तासाला छडी. मोल्सवर्थ उघडा आणि बघा कुठला अर्थ आधी दिलाय ते.

कोकणी_फणस (सोमवार, सकाळी ८.०२)

आमच्या वेळी दोन्ही तासांना छडीच होती मास्तर.

अनुस्वार (सोमवार, दुपारी १.४०)

मास्तरांशी सहमत, पण एक इशारा. नेटवर संतवाङ्मय आणि जुन्या कविता टंकून ठेवलेल्या भरपूर ठिकाणी आहेत, आणि त्यात चुका इतक्या की कधी कधी अख्खा शब्दच बदललेला असतो. पोरं ते छापून आणतात. मी आधी वैतागायचो, आता त्याचाच तास करतो.

मराठी विकिस्रोत बघा. तिथे पुष्कळ पुस्तकांच्या पानाचं स्कॅन एका बाजूला आणि टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूला दिसतो. पान तपासलेलं नसेल तर लाल खूण, एकदा तपासलं की पिवळी, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवी. नववीच्या पोरांना लाल पान द्या. स्कॅनमध्ये काय आहे आणि टंकणाऱ्यानं काय केलंय ते शोधा. दहा मिनिटांत पहिला हात वर येतो : 'सर, जुन्या पुस्तकात जिकडेतिकडे टिंबं का?'

इथून पुढे तास आपोआप चालतो. 'तें आलें' आणि 'ते आले' फळ्यावर शेजारी लिहा. पहिल्यात मूल किंवा वासरू आलंय, दुसऱ्यात माणसं. आज दोन्ही 'ते'. उच्चारात नसलेलं ते टिंब लिंग-वचन सांगत होतं, १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेलं. बरं झालं की वाईट, यावर वर्गात दोन तट पडतात. माझ्या वर्गात टिंबवाल्यांचा पक्ष दर वर्षी हरतो, कारण परीक्षेत टिंबं घालायची कुणाचीच तयारी नसते.

ज्यांना अजून पुढे जायचंय त्यांना ज्ञानेश्वरीची गोष्ट सांगा. ग्रंथ १२९०चा. पुढं तीनशे वर्षांत उतरवून घेणाऱ्यांनी इतके पाठ बदलले की १५८४ मध्ये एकनाथांना बसून प्रत शुद्ध करावी लागली. वर त्यांनी बजावून ठेवलं की यात स्वतःची ओवी घुसडणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणं. आणि तरीही १९०९ मध्ये इतिहाससंशोधक राजवाड्यांनी वेगळ्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापलीच. 'कवीला काय म्हणायचे आहे' याआधी 'कवीनं नक्की काय म्हटलंय' हा प्रश्न असतो, हे पोरांना कुणी सांगतच नाही.

बुकवाला_बारामती (सोमवार, रात्री ९.१२)

एवढी यातायात कशाला? माझ्याकडे ड्राइव्हवर हजारेक मराठी पुस्तकांच्या पीडीएफ आहेत. पुलं, कुसुमाग्रज, वपु सगळे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लिंक देतो.

मुक्तछंद (सोमवार, रात्री ९.४०)

कृपया नको. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, पुलं २०००ला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं हक्क राहतात. म्हणजे २०६०च्या आसपासपर्यंत ती पुस्तकं कुणाच्या तरी मालकीची आहेत.

बुकवाला_बारामती (सोमवार, रात्री ९.५२)

पोरांच्या शिक्षणासाठी चाललंय, धंदा नाही करत मी. गावात पुस्तकाचं दुकान दाखवा आधी.

मुक्तछंद (सोमवार, रात्री १०.२५)

दुकान नाही हे खरं, आणि ते दुखणं मोठं आहे. पण हजार पीडीएफ फिरवणं वेगळं आणि वर्गात शिकवणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात मजकूर वापरायची मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं ती मुभा बरीच मोकळी वाचली. म्हणजे ताईंनी एक कविता फळ्यावर लिहिली किंवा वर्गापुरत्या प्रती काढल्या, तर कुणी पोलीस पाठवत नाही.

शिवाय जे मोकळं झालंय तेच कुठं संपलंय? केशवसुत, बालकवी, गडकरी, हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी सगळे मोकळे. मर्ढेकर १९५६ ला गेले, ते २०१७च्या एक जानेवारीपासून मोकळे. बहिणाबाईंचं गणित गमतीचं आहे : त्या १९५१ ला गेल्या आणि गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये. मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात. हे गणित दहावीला घाला, तेवढाच इतिहासाशी समन्वय.

राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवर पुष्कळ ग्रंथ उघडपणे उतरवून घेता येतात. तिथं जा की, चोरवाट कशाला?

बुकवाला_बारामती (सोमवार, रात्री १०.३१)

बरं. लिंक नाही देत. पण ती सरकारी संकेतस्थळं एकदा स्वतः उघडून बघा, मग बोलू.

पाचवा_तास (सोमवार, रात्री १०.४०)

याला मात्र अनुमोदन. एक पीडीएफ उतरेपर्यंत माझा चहा निवतो. रात्री घरी उतरवून पेनड्राइव्हवर न्या, वर्गात नेटच्या भरवशावर राहू नका.

मर्ढेकरी (मंगळवार, दुपारी ३.०५)

मर्ढेकर मोकळे झाले म्हणताय तर घ्या ना वर्गात. 'पिपांत मेले ओल्या उंदीर' एवढी ओळ लिहून थांबा. माझ्या दहावीत पहिली प्रतिक्रिया होती, 'मॅडम, प्रिंटिंग मिस्टेक.' मी म्हटलं, दुरुस्त करा. त्यांनी केलं : ओल्या पिपात उंदीर मेले. व्याकरण बरोबर. आता दोन्ही मोठ्यानं वाचा. दुसरी ओळ बातमी वाटते, पहिलीत काहीतरी बिघडलंय असं वाटतं. 'ओल्या' हा शब्द कुणाचा, पिपाचा की उंदराचा? हे भांडण बेल झाल्यावर व्हरांड्यात चालू होतं. पूर्ण कविता घेऊ नका फार तर, ओळ घ्या.

कोकणी_फणस (मंगळवार, दुपारी ४.१८)

दहावीच्या पोरांना मर्ढेकर? आम्हाला एम.ए.ला कळले नाहीत.

मर्ढेकरी (मंगळवार, दुपारी ४.३०)

एम.ए.ला कळायचे असतात म्हणून कळत नाहीत. दहावीत नुसते ऐकू येतात.

इंग्रजी_वाली (बुधवार, सकाळी ११.२०)

मी पुण्यात सीबीएसईला इंग्रजी शिकवते, त्यामुळे जरा बाहेरची. आमच्याकडे सोय खरंच जास्त आहे. वॉशिंग्टनच्या फोल्गर ग्रंथालयानं शेक्सपिअरची नाटकं फुकट ठेवलीत, ओळींच्या क्रमांकांसह. 'कॉमनलिट'वर इयत्तेनुसार उतारे आणि त्यावरचे प्रश्न मिळतात, शिक्षकाला नोंदणी करावी लागते. पण खरं सांगू? तयार प्रश्न असले की मुलं उताऱ्याआधी प्रश्न वाचतात आणि उत्तरं हुडकतात. तुमचीच 'साधी सोपी ओघवती' भाषा, फक्त इंग्रजीत.

एक गोष्ट मात्र दोन्ही भाषांना जमते. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित'. हॅम्लेटचं ते प्रसिद्ध स्वगत फोल्गरवरून घ्या आणि आगरकरांचं शेजारी ठेवा. सेमी-इंग्रजीची पोरं दोन्ही वाचू शकतात, आणि दोन्ही तितकीच अवघड जातात! कोणती भाषा जुनी वाटते, असं विचारा. माझ्या वर्गाचं मत आगरकरांच्या बाजूनं पडलं. शेक्सपिअर त्यांच्या पावणेतीनशे-तीनशे वर्षं आधीचा आहे, हे सांगितल्यावर चेहरे बघण्यासारखे होते.

नाटकवेडी (बुधवार, रात्री ८.४५)

दिवाकरांना कुणी कसं आठवलं नाही? नाट्यछटा! शंकर काशीनाथ गर्गे, १८८९ ते १९३१, स्वतः शाळामास्तर. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या कविता वाचून त्यांना हा प्रकार सुचला. एकच माणूस बोलतो, समोरचा काय म्हणाला ते त्याच्याच बोलण्यातून ओळखायचं. एक नाट्यछटा दीड-दोन पानांची. मोकळ्या झाल्यात आणि नेटवर सहज मिळतात.

आपण शाळेत त्या पाठ करून स्नेहसंमेलनात हातवारे करून म्हणायला लावतो, तिथेच घोळ होतो. म्हणू नका, उलटं करा. वहीच्या पानाला मधोमध रेघ. डावीकडे नाट्यछटेतली वाक्यं, उजवीकडे न ऐकू येणाऱ्या माणसाची वाक्यं मुलांनी लिहायची. मग विचारा, बोलणारा खरं बोलतोय का? तो स्वतःला जितका सज्जन समजतो तितका आहे का? याला गाइडात उत्तर नाही, कारण प्रश्नच गाइडात नाही.

खडूवाली (बुधवार, रात्री १०.१५)

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! एक अडचण. घरी लिहायला दिलं की आता फोनवरच्या चॅटबॉटकडून उतरवून आणतात. परवा एकाच्या वहीत 'निष्कर्षतः' होतं. आमच्या गावात 'निष्कर्षतः' कोण म्हणतं?

अनुस्वार (बुधवार, रात्री १०.५०)

त्यालाही वर्गात बसवा. मी एका चॅटबॉटला बालकवींची श्रावणावरची कविता मागितली. पहिल्या दोन ओळी ठीक, पुढच्या त्यानं स्वतः रचून बालकवींच्या नावावर खपवल्या. छापून वर्गात वाटल्या : यात बालकवी कुठे संपतात? अट एकच, कारण शब्दावरून किंवा लयीवरून द्यायचं, 'वाटतं म्हणून' चालणार नाही. पोरांनी मात्रा मोजल्या हो. आपणहून. मी वृत्तं शिकवून दमलो होतो.

मुक्तछंद (गुरुवार, सकाळी ७.३०)

ताई, अजून एक नाव सांगून गप्प बसतो. मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी, १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. वय चौदाच्या आसपास. तुमच्या नववीएवढं. निबंध म्हणजे प्रस्तावना, तीन मुद्दे आणि उपसंहार असं शिकलेल्या पोरांपुढे हा ठेवून बघा. ती थेट देवाशीच वाद घालायला उभी राहते.

खडूवाली (तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी २.१०)

हिशेब द्यायला आले.

'उदास'चा तास आधी घेतला. नेट बंद पडलं, मग माझ्या एकाच फोनवर बृहद्कोश उघडून फोन बाकाबाकांवर फिरवला. अर्धा तास त्यातच गेला. मास्तरांसारखं सोन्याचं उत्तर काही मिळालं नाही. पण दुसऱ्या दिवशी एक पोरगी घरातल्या जुन्या पोथीतले सहा शब्द लिहून घेऊन आली, 'हे पण शोधून द्या' म्हणून. दोन मला आले नाहीत.

आगरकर फसले. प्रत मिळाली, पण स्कॅन इतकं पुसट की पोरांपेक्षा मीच अडखळले.

नाट्यछटा मात्र चालली. दिवाकरांची एक केली, मग म्हटलं आता तुमची लिहा : घरातलं कुणीतरी फोनवर बोलतंय, तुम्हाला एकच बाजू ऐकू येते. बाकावर कोरीवकाम करणाऱ्यांपैकी एकानं हे लिहिलंय, त्याला विचारून टाकते :

'हां, बोला... नाही हो, विसरलो कशाला... या बाजाराला नाय, पुढच्या... गाय? गाय बरीय की... तिचं कशाला काढता आता... पोरगा? हितंच बसलाय, अभ्यास करतोय... नाय, तो नाय येणार तिकडं कामाला... बरं, बघू... बघू म्हटलं ना.'

उजवीकडची बाजू त्यानं कोरी ठेवली होती. मी विचारलं, हे का नाही भरलं? म्हणाला, 'मला ऐकूच नाय आलं, मॅडम.' चारपैकी किती द्यायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन पालक येऊन गेले, 'हे पेपरला येतं का?' म्हणाले. मुख्याध्यापकांनीही तेच विचारलं, जरा सभ्यपणे.

माणदेशी_मास्तर (शनिवार, दुपारी ४.००)

त्यांना सांगा, अपठित उतारा येतो आणि स्वमतही येतं, आणि ते कुठल्याच गाइडात नसतं. खोटं नाही ते. आणि त्या पोराला चारपैकी चार द्या, वाद घालू नका.

नाटकवेडी (शनिवार, दुपारी ४.२२)

'बघू म्हटलं ना.' मी तीनदा वाचलं.

खडूवाली (शनिवार, रात्री ९.०५)

दिले चार. गुरुवारी जोडतास मिळालाय, ऐंशी मिनिटं. मर्ढेकरांचे उंदीर घेऊ की मुक्ताचा निबंध? दोन्ही होणार नाही.

मर्ढेकरी (शनिवार, रात्री ९.११)

मुक्ता घ्या. उंदीर कुठं जात नाहीत.